‘श्यामा’पासून ‘प्रजापति’पर्यंत : न्यायनिर्णयांचा मुक्त संग्रह आणि वाङ्मयाचा अभ्यासक

झाशी जिल्ह्यातील समथर हे एकेकाळचे छोटे संस्थान. तेथे राहून मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या कोणास चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वरील खटल्याचा निकाल मुळातून वाचावासा वाटला, तर पूर्वी त्याला झाशीतील एखाद्या वकिलाची कपाटे तरी धुंडाळावी लागत, नाहीतर प्रयागराजची वाट तरी धरावी लागे. २००८ साली सुरू झालेल्या ‘इंडियन कानून’ या विनामूल्य संग्रहाने, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच खुल्या केलेल्या निर्णयसंग्रहाने, ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे.

‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखकास निर्दोष ठरविले. हा एकच निर्णय निरनिराळ्या निर्णयमालिकांत निरनिराळ्या अंकांनी ओळखला जातो. नागपूरहून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये तो १९७० च्या खंडात, सर्वोच्च न्यायालय विभागात पृष्ठ १३९० वर सापडतो. खंड आणि पृष्ठ यांचा हा निर्देश हाती असला की शोध सरळ होतो. केवळ नावावरून शोधणाऱ्याची मात्र रोमन लिपीतील मराठी नावांच्या अनेकविध लेखनामुळे फसगत होते. ‘भेटला’ हा साधा शब्दही तेथे दोन-तीन रूपांनी अवतरतो.

परंतु संग्रहाचे खरे मोल निर्णय हाती येण्यापुरते नाही. प्रत्येक निर्णयासोबत, त्यात आधारास घेतलेले पूर्वीचे निर्णय आणि त्याचा पुढे उल्लेख करणारे नंतरचे निर्णय यांच्या याद्या असतात. ‘श्यामा’कडून मागे गेले की ‘लेडी चॅटर्ली’विषयीचा १९६४ चा उदेशी निर्णय भेटतो. पुढे गेले की १९८५ मधील समरेश बसूंचा खटला समोर येतो. त्यांची ‘प्रजापति’ ही बंगाली कादंबरी शारदीय ‘देश’मध्ये १९६७ साली आली होती. मराठी दिवाळी अंक आणि बंगाली शारदीय अंक यांची ही गाठ वाङ्मयेतिहासकारांनी नव्हे, न्यायालयाने घालून दिली! या निर्णयात बुद्धदेव बसू आणि नरेश गुह यांच्या साक्षींचा परामर्श आहे. न्यायाधीशाने प्रथम लेखकाच्या आणि मग वाचकाच्या भूमिकेत शिरावे, असेही तेथे म्हटले आहे. तौलनिक अभ्यासकास याहून वेगळे साहित्य कोणते हवे?

मात्र या याद्या यंत्राने जुळविलेल्या असतात. नंतरच्या न्यायालयाने पूर्वीचे मत स्वीकारले की बाजूस सारले, हे त्यांवरून कळत नाही. वसंत दत्तात्रय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील २०१५ च्या निर्णयात ‘श्यामा’चा सविस्तर उल्लेख आहे. तरी तेथे माफी मागितलेल्या प्रकाशकास दोषारोपातून मुक्त करून कवीवरील खटला पुढे चालू ठेवला गेला. आधी यादी आणि मग निष्कर्ष, अशी घाई करणारा येथे सपशेल चुकेल.

शिवाय या संग्रहात येतात ते मुख्यतः वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय. १९६० च्या दशकातील दंडाधिकाऱ्यांपुढील साक्षी आणि उलटतपासणी तेथे नाहीत. ‘श्यामा’विषयी खालच्या न्यायालयात कोण काय बोलले याचा शोध आजही जुन्या दप्तरांतच घ्यावा लागतो.