खरी माती, खोटा डोंगर

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात, गल्लीत, सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, पोती आणि चिखल गोळा होतो. दोन दिवसांत किल्ला उभा राहतो, त्यावर आळिवाची हिरवळ उगवते आणि बुरुजावर मातीचे मावळे पहारा देऊ लागतात. आपल्यातल्या अनेकांची प्रतिकृतींशी पहिली ओळख इथेच होते. पुढे यातलेच काही जण कायमस्वरूपी, मोजमापात बसणारी प्रतिकृती करायला घेतात. तेव्हा हाताला लागलेल्या लहानपणीच्या सवयी वाट चुकवतात. कारण डोंगर लहान करता येतो. वाळूचा कण, पाण्याचा थेंब आणि उजेड मात्र लहान होत नाहीत. बहुतेक गैरसमज इथूनच जन्मतात. उदाहरण म्हणून १:२००० प्रमाणातला राजगड डोळ्यांसमोर ठेवू.

गैरसमज १ : सगळे थोडे लहान केले की प्रमाण साधते.

वस्तुस्थिती : प्रमाण एकदा ठरले की ते डोंगर, तट, झाड, माणूस सगळ्यांना सारखे लागू होते. १:२००० म्हणजे प्रत्यक्षातले २ किलोमीटर अंतर फळीवर १ मीटर. सहा मीटर उंच तट ३ मिलिमीटरचा आणि माणूस एक मिलिमीटरपेक्षाही लहान. उलट बाजारातला ५ सेंटिमीटरचा मावळा खऱ्या माणसाच्या सुमारे १:३३ असतो. त्याच्या मापाने डोंगर करायचा तर दोन किलोमीटरसाठी साठ मीटर जागा लागेल. म्हणून दिवाळीचा किल्ला चुकीचा ठरत नाही. तो देखावा आहे, त्यात शिवाजी महाराज मोठेच दिसायला हवेत. प्रतिकृतीचे काम वेगळे आहे आणि तिथे तो मावळा ठेवला की डोंगराचे ढेकूळ होते.

गैरसमज २ : उंची वाढवून दाखवली नाही तर डोंगर सपाट वाटतो.

वस्तुस्थिती : हे नकाशाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. १:५०,००० प्रमाणात ६०० मीटरचा चढ फक्त १२ मिलिमीटर भरतो, तिथे उंची दुप्पट-तिप्पट घेण्याला अर्थ आहे. १:२००० मध्ये तोच चढ ३० सेंटिमीटर होतो. त्याला फुगवण्याची गरज नाही, फुगवला तर राजगडाचा सुळका होईल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर आपल्या भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. नकाशा पंचवीस पट मोठा केला की १:२००० मिळतो आणि २० मीटर म्हणजे बरोबर १० मिलिमीटर. थोडक्यात, एका समोच्च रेषेला १० मिलिमीटर जाडीची थर्माकोलची एक शीट. हिशेब इतका सरळ बसतो, म्हणूनच हे प्रमाण हाताशी धरावे.

गैरसमज ३ : थरांच्या पायऱ्या पूर्ण बुजवून डोंगर गुळगुळीत करावा.

वस्तुस्थिती : सह्याद्रीच्या बाबतीत ही सर्वांत महागात पडणारी चूक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हा बेसाल्ट घडला. ‘दख्खन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. उभा कातळकडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा अशी ही रचना असते. तेव्हा फोटो समोर ठेवावेत. जिथे गवताचा उतार आहे तिथेच कागदाच्या लगद्याने पायरी भरावी. जिथे कडा आहे तिथे शीटची धार उभीच राहू द्यावी.

गैरसमज ४ : थर्माकोलला कुठलाही गोंद आणि कुठलाही रंग चालतो.

वस्तुस्थिती : थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. सॉल्व्हंट असलेले गोंद आणि डब्यातले स्प्रे रंग त्याला विरघळवून खड्डे पाडतात. पांढरा फेविकॉल आणि पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग सुरक्षित. पण फेविकॉलमधले पाणी उडून गेल्याशिवाय तो पकडत नाही आणि दोन मोठ्या शीटच्या मधून पाण्याला वाटच मिळत नाही. म्हणून तो सलग न फासता रेघांनी लावावा, उदबत्तीच्या उरलेल्या काड्या खिळ्यांसारख्या टोचाव्यात आणि एक-दोन दिवस थांबावे. गरम तारेने कापताना निघणारा धूर अपायकारक असतो. ते काम मोकळ्या हवेतच करावे.

गैरसमज ५ : प्लॅस्टर ऑफ पॅरिस वाळून कडक होते.

वस्तुस्थिती : डोंगरावर वरचा थर म्हणून चढवायचे हे प्लॅस्टर वाळून नव्हे, पाणी सामावून घेऊन घट्ट होते. जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी काढले की ही पावडर मिळते. आपण पाणी परत दिले की पुन्हा जिप्समचे स्फटिक होतात आणि मिश्रण गरम होते. म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होते आणि उरलेले मोरीत ओतले की नळी तुंबते. पाण्यात पावडर भुरभुरावी. साधारण एक वाटी पाण्याला दोन वाट्या. पाणी जास्त झाले तर थर ठिसूळ होतो. आधीच्या मिश्रणाचे कण भांड्यात राहिले तर नवे मिश्रण हातात असतानाच आवळते, म्हणून भांडे दर वेळी स्वच्छ हवे.

गैरसमज ६ : गडावरची खरी माती आणि खरी हिरवळ वापरली की प्रतिकृती जिवंत वाटते.

वस्तुस्थिती : १:२००० मध्ये वाळूचा एक मिलिमीटरचा कण दोन मीटरची धोंड होतो. दोन सेंटिमीटर वाढलेले आळीव चाळीस मीटर उंच रान होते. माती सुकली की तडकते, ती वेगळीच. त्यापेक्षा लाकडाचा भुसा मैद्याच्या चाळणीतून चाळून, रंगवून पातळ फेविकॉलवर भुरभुरावा. झाडांसाठी रंगवलेल्या स्पंजचे कण पुरतात. दहा मीटरचे झाड इथे पाच मिलिमीटरचे. राजगडावरच्या पद्मावती तळ्यातही खरे पाणी नको. एवढ्याशा जागेत थेंबाचा फुगीर काठ लपत नाही. तळाला गडद हिरवट रंग द्यावा आणि चकाकी देणाऱ्या वार्निशचे पातळ थर एकावर एक चढवावेत.

गैरसमज ७ : बेसाल्ट काळा, म्हणून कडे काळे रंगवावेत.

वस्तुस्थिती : ही प्रतिकृती एका मीटरवरून पाहणे म्हणजे खरा डोंगर दोन किलोमीटरवरून पाहणे. इतक्या दुरून मधल्या हवेमुळे काळा कातळ करडा, जरा निळसर दिसतो. प्रत्येक रंगात थोडा पांढरा-करडा मिसळावा. कातळावर आधी पातळ गडद रंग सोडावा, तो खाचांत उतरतो; मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग फक्त कडांवरून फिरवावा. गवताचा ऋतूही ठरवावा. हिरवागार सह्याद्री पावसाळ्यातला. दिवाळीपर्यंत तेच गवत सोनेरी पिवळे होते.

याच हिशेबाने तटाचे चिरे आखत बसायची गरज नाही. दोन किलोमीटरवरून चिरे दिसत नाहीत, दिसतो तो गडाचा आकार. काम संपल्यावर गुडघ्यांवर बसून पायथ्याच्या गुंजवणे गावाच्या पातळीवरून प्रतिकृती पाहावी. मधोमध बालेकिल्ला, एका अंगाला सुवेळा माची आणि तिच्यातले ते आरपार भोक, ज्याला नेढे म्हणतात. सुईच्या भोकाचे हे नाव डोंगराने घेतले आहे. १:२००० मध्ये ते खरोखर सुईनेच पाडावे लागते. तेवढे जागेवर आले आणि गडावर जाऊन आलेल्या माणसाने नाव न वाचता ‘हा राजगड’ म्हटले, की केलेली सगळी मोजमापे सार्थकी लागली.