पेशीतून इन्सुलिन वेगळे कसे काढतात?

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, आता खेड्यापाड्यांतही नवा राहिलेला नाही. कुणाच्या आईला, कुणाच्या शाळकरी पोराला रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. त्या चिमुकल्या बाटलीतले औषध म्हणजे एक प्रथिन. ते जिवंत पेशी तयार करतात, आणि पेशीत त्याच्या जोडीला दुसरी हजारो प्रथिने असतात. एवढ्या गर्दीतून नेमके हेच कसे निवडायचे?

प्रश्न दूरदेशीचा नाही, बरं का. 2003 साली वॉकहार्ट कंपनीने 'वोसुलिन' नावाचे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. या कंपनीचा जैवतंत्रज्ञानाचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला. इन्सुलिन घडवण्याचे काम तिने हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टकडून करून घेतले. पाव फुगवणाऱ्या यीस्टचाच हा लांबचा भाऊबंद.

सफाईचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. त्याला 1922 सालची हकीकत सांगावी. कॅनडात टोरांटो शहरी बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडाचा अर्क काढला होता. 11 जानेवारीला तो लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला टोचला. साखर जराशी उतरली, पण सुईच्या जागी गळू झाले. अर्कात इन्सुलिन होते, तशी नको ती घाणही होती. मग जेम्स कॉलिप यांनी अर्कात मद्यार्क वाढवत नेला. आधी इतर पुष्कळशी प्रथिने खाली बसली, इन्सुलिन विरघळलेलेच राहिले. मद्यार्क आणखी वाढवला तेव्हा तेही खाली बसले! 23 जानेवारीपासून हा स्वच्छ अर्क देऊ लागले आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला.

यातली मेख अशी, की प्रत्येक प्रथिनाचा स्वभाव निराळा. गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. कोमट दुधात लिंबू पिळा. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार एकमेकांना दूर सारतो, म्हणून कण सुटे राहतात. लिंबाच्या आंबटाने तो भार उतरतो, कण एकमेकांना बिलगतात आणि दूध फाटते. आता फडक्याने गाळून निवळी उकळा. पुन्हा थोडा साका धरेल. ही दुसरी प्रथिने. ती आंबटाला दाद देत नाहीत, उष्णतेला देतात.

कारखान्यात आधी यीस्टचा घोळ गरगर फिरवून पेशी आणि पाणी वेगळे करतात, डेअरीत दुधाची साय काढतात तसे. काही यीस्ट हवे ते प्रथिन आपणहून पाण्यात सोडतात. जिवाणू वापरले तर बहुधा त्यांच्या पेशी फोडाव्या लागतात. खरी मेहनत पुढे आहे. उभ्या नळीत विद्युतभार असलेले बारीक मणी भरून वरून द्राव सोडतात. विरुद्ध भाराची प्रथिने मण्यांना चिकटतात, बाकीची वाहून जातात. मग पाण्यातले मीठ हळूहळू वाढवले की सैल चिकटलेली आधी सुटतात, घट्ट चिकटलेली मागून. खाली भांडी बदलत राहायचे. इन्सुलिन ठरावीक भांड्यांतच उतरते. एका नळीने भागत नाही. आकारमानावरून निवडणारी नळी तर आपल्या चाळणीच्या उलट चालते. तिच्यातून मोठे कण आधी बाहेर पडतात, कारण लहान कण मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात. दर खेपेला थोडा माल वायाही जातो, तो सोसावा लागतो.

आणि हाती आले ते इन्सुलिनच, हे कशावरून? त्याची रचना 51 अमिनो आम्लांची, हे फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत उलगडले. डुकराच्या इन्सुलिनमध्ये एकच दुवा वेगळा, गाईच्या तीन. आजची यंत्रे रेणूचे वजन करतात. मानवी इन्सुलिनचे भरते हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे 5,800 पट, आणि एका दुव्याचा फरकही त्यात पकडला जातो.

एवढ्या खटपटीने आलेले हे प्रथिन उन्हाने बिघडते, गोठले तरी बिघडते. घरी फ्रिज नसेल तर बाटली कोरड्या डबीत घालून, ती डबी सावलीतल्या ओल्या मडक्यात ठेवावी. बर्फाला लावू नये. काही प्रकारचे इन्सुलिन मुळातच दुधाळ असते. पण जे पाण्यासारखे नितळ हवे ते गढूळ दिसले, तर ते न टोचता डॉक्टरांना दाखवावे.