उरलेल्या ऑक्सिजनचा काटा

अमेरिकेत पिकअपलाही ट्रक म्हणतात. माझा ट्रक 1972 चा शेव्हरोले सी-10 आहे. 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन आणि त्यावर चार घशांचा होली कार्बोरेटर. डेट्रॉइटच्या परिसरात असल्या गाड्यांचं कुणाला नवल नाही. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर मैलोन्मैल त्यांची रांग लागते. नवल वाटतं ते आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना, गणपतीच्या दिवशी नऊवारी नेसलेली बाई त्यातून उतरते याचं. मग कुणीतरी आत डोकावतं आणि विचारतं, “वहिनी, हा जादाचा काटा कसला?”

हा काटा एअर-फ्युएल रेशोचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हवा त्याहून कमी पडली तर मिक्श्चर रिच. मग पेट्रोल वाया जातं, प्लग काळे पडतात. हवा जास्त झाली तर लीन. मग इंजिन झटके देतं, आणि जोर लावताना लीन असेल तर पिस्टनवर संकट येतं. माझ्या वडिलांचं इचलकरंजीला गॅरेज होतं. ते प्लग काढून उजेडात धरायचे आणि रंगावरून निदान करायचे. निदान बरोबर असायचं, पण ते मागच्या सगळ्या प्रवासाचं एकत्रित असायचं. चढावर नेमकं काय बिघडलं, हे प्लगला सांगता येत नाही.

काटा ते सांगतो, पण त्याची रीत समजून घ्यायला हवी. तो हवा मोजत नाही आणि पेट्रोलही मोजत नाही. एक्झॉस्टच्या पाइपात बसवलेला सेन्सर जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय किंवा किती कमी पडलाय एवढंच पाहतो, आणि त्यावरून मागे काय घडलं असेल याचा हिशेब मांडतो. बॉशने 1976 मध्ये असला सेन्सर मोटारींसाठी आणला, तेव्हा त्याला जेमतेम रिच की लीन एवढंच कळायचं. किती, ते कळत नसे. नव्वदच्या दशकात वाइडबँड सेन्सर आले आणि आकडा मिळू लागला. आतला सिरॅमिकचा तुकडा हीटरने साडेसातशे अंशांच्या वर तापवलेला असतो. थंड सेन्सर काहीच सांगत नाही.

बसवणं अवघड नाही, पण जागा चुकली तर सगळं फुकट. पाइपाला भोक पाडून 18 मिलिमीटरच्या आट्याची जाड रिंग वेल्ड करावी लागते. ती पाइपाच्या वरच्या अंगाला हवी, घड्याळात दहा ते दोन वाजतात त्या पट्ट्यात. गाडी थंड असताना पाइपात पाणी साठतं. सेन्सर आडवा किंवा खाली असला तर ते पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि सिरॅमिक तडकतं. इंजिनला फार चिकटून बसवला तर सेन्सर भाजून निघतो, फार मागे नेला तर आकडा उशिरा येतो आणि वाटेतल्या सांध्यांची गळती वाढते. मी मॅनिफोल्डपासून दोनेक फुटांवर बसवला. व्ही-8 ला दोन्ही बाजूंना वेगळे पाइप असतील तर एका पाइपातला सेन्सर चारच सिलिंडरांची खबर देतो, हे विसरायचं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर सेन्सर त्याच्या आधीच हवा. वेल्डिंग मफलरवाल्याकडून करून घेतलं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली.

पुढचं काम वायरिंगचं. पुरवठा फ्यूज घालून अशा वायरीवरून घ्यायचा की चावी फिरवल्यावरच करंट येईल. हीटर बंद ठेवून इंजिन चालवलं तर सेन्सरवर काजळी बसते. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत धातू गाठायचा. पन्नास वर्षांच्या पत्र्यावर गंजाला अर्थ दिला तर हेडलाइट लावताच आकडा उड्या मारतो, आणि माणूस बिचाऱ्या कार्बोरेटरला दोष देत बसतो.

मग खरी मजा. चालवणाऱ्याने आकड्याकडे टक लावून बघायचं नाही. आमच्याकडे हे बाजूला बसून मोठ्याने वाचतात, “तेरा... साडेतेरा... अगं, सोळा!” आयडलला मला साडेतेरा ते साडेचौदा हवा असतो. सपाट हायवेवर एका लयीत चाललं की पंधराच्या आसपास. हायवेवर चढताना पाय पुरता दाबला की साडेबारा ते तेरा, कारण तिथे काटकसर नको, ताकद हवी. माझं इंजिन दाबल्यावर साडेबाराला जायचं, पण साध्या चालीलाही तेराच. म्हणजे दुखणं मेन जेटचं, ज्याच्या भोकातून नेहमीचं पेट्रोल मोजून जातं त्याचं. जास्तीचं पेट्रोल सोडणारा पॉवर व्हॉल्व्ह ठीक होता. पुढचे 66 नंबरचे जेट काढून 64 चे घातले. पायाला अचानक झटका दिला की क्षणभर आकडा सोळाच्या वर उडतो आणि गाडी अडखळते. त्याला जेट नाही, ॲक्सिलरेटर पंप बघायचा. एकच आकडा, पण तो कधी आला त्यावर कुठला स्क्रू हातात घ्यायचा ते ठरतं. म्हणूनच मला हा काटा प्लगच्या रंगापेक्षा सरस वाटतो.

ऋतूही दिसतो. थंड हवा जड असते आणि कार्बोरेटरला थर्मामीटर नसतो, त्यामुळे एप्रिलच्या गारठ्यात आकडा ऑगस्टपेक्षा अर्ध्याच्या आसपास लीनकडे सरकलेला असतो. त्यासाठी जेट बदलत बसणं हा मात्र रिकामटेकडेपणा.

काटा कधी फसवतो? एखादा प्लग मिसिंग करत असला की त्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन जसाच्या तसा पाइपात येतो. कच्चं पेट्रोलही येतं, पण सेन्सरला दिसतो ऑक्सिजन. तो सांगतो लीन, आपण पेट्रोल वाढवतो, प्लग आणखी ओला होतो. सेन्सरच्या आधी गॅस्केट फुंकत असेल तरी तेच. म्हणून आकडा अचानक लीन दिसला की आधी कान द्यायचा, पाना नंतर.

सांगलीचा माझा भाचा फोनवर विचारतो, “मावशी, आपल्या मालाच्या ट्रकला बसवू का?” नको. डिझेलमध्ये हवा नेहमीच मुबलक असते. रिकाम्या चालीत प्रमाण पन्नासच्या पुढेही जातं. तिथे जुन्या गाडीला एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा जास्त उपयोगी. पण त्याच्याकडे एक जुनी कार्बोरेटरवाली जिप्सीही आहे, आणि पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला 14.7 नव्हे, साडेतेराच्या आसपास हवा पुरते. शुद्ध पेट्रोलला बेतलेला कार्बोरेटर हे जाणत नाही, म्हणून गाडी लीन चालते. गंमत अशी की बहुतेक काटे आत 14.7 नेच गुणतात, त्यामुळे योग्य मिश्रणाला पेट्रोल कुठलंही असलं तरी 14.7 च दिसतं. त्याला म्हटलं, असा घे की ज्यावर लॅम्ब्डा लावता येईल. एक म्हणजे बरोबर, एकाच्या वर लीन, खाली रिच. मग टाकीत काय आहे याचा हिशेब नको. आणि बसवण्याआधी तुझ्या सायलेन्सरचे सांधे तपास, गेल्या दिवाळीत फुरफुरत होते.