पुस्तकावरचं नाव खोडू नका

दोन वर्षांपूर्वी मी एक गुन्हा केला. फोर्टातल्या फुटपाथवरून ऐंशी रुपयांत घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी कादंबरीच्या पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं होतं. घरी आल्या आल्या मी खोडरबर घेतला आणि ते घासून टाकलं. पुस्तक कसं स्वच्छ दिसलं पाहिजे ना! पुढच्या रविवारी मोठ्या कौतुकानं ते ग्रुपमध्ये दाखवलं, तर केटी लागली तरी चेहरा न हलवणारा आमचा एक मित्र चक्क ओरडला, "अगं, काय केलंस हे!"

आमचा ग्रुप म्हणजे पाच जणांचा. दोघी इंग्लिश लिटरेचरच्या, एक इंजिनीअरिंगवाला, एक कॉमर्सची आणि एक नुकताच नोकरीला लागलेला. समान धागा एकच, व्हिक्टोरियन कादंबऱ्यांचं वेड. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, म्हणजे १८३७ ते १९०१ मधलं साहित्य. डिकन्स, ब्रॉन्टे भगिनी, जॉर्ज एलियट, हार्डी. ही नावं तुम्ही गाइडमध्ये वाचली असतील आणि तिथंच सोडलीही असतील. तुमची काही चूक नाही. मेन्यूकार्ड वाचून कुणाचं पोट भरलंय? पण ही पुस्तकं त्या काळी दिसायची कशी, विकली कशी जायची, हे कळलं की खरी मजा सुरू होते.

'पिकविक पेपर्स'चंच बघा. डिकन्स तेव्हा जेमतेम २४ वर्षांचा. १८३६च्या वसंतापासून दर महिन्याला हिरवट कागदी वेष्टनातला एक पातळ अंक यायचा, किंमत एक शिलिंग. सुरुवातीला हजारभर प्रती छापल्या, शेवटी आकडा ४० हजारांवर गेला. मधे एक महिना अंक आलाच नाही. डिकन्सची १७ वर्षांची मेहुणी मेरी त्याच्या घरी अचानक वारली आणि त्याला लिहिता येईना. वाचकांनी जून १८३७ तसाच काढला. पुढचा एपिसोड लांबला की आपण किती चिडतो, ते आठवा जरा.

कथा पूर्ण झाली की लोक सगळे अंक बाइंडरकडे द्यायचे. बाइंडर वेष्टनं आणि जाहिरातींची पानं फाडून फेकायचा आणि चामड्याची छान बांधणी करून द्यायचा. आज संग्राहक नेमकी ती फेकलेली वेष्टनं शोधत हिंडतात! (आपल्याकडेही हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आधी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशःच आली. तिचे मूळ अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका, प्लीज.)

आता अडचण अशी, की असा पूर्ण संच एकट्याच्या हाती सहसा लागत नाही. कुणाकडे पाचवा अंक असतो, कुणाकडे नववा. तुझ्या प्रतीत अमुक जाहिरात आहे का, तमुक चित्र कुठल्या पानासमोर आहे, हे विचारावं लागतं. हा छंदच मुळी दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. आणि या विश्वासालाच एका माणसानं सुरुंग लावला.

टॉमस जे. वाइज. जन्म १८५९. लंडनमध्ये सुगंधी तेलांच्या एका पेढीत कारकुनी करता करता हा पठ्ठ्या इंग्लंडमधला सगळ्यात मोठा पुस्तकतज्ज्ञ होऊन बसला. त्याची फसवणूक फार हुशारीची होती. जुन्या पुस्तकाची नक्कल केली, तर अस्सल प्रत शेजारी ठेवून ती पकडता येते. म्हणून त्यानं कधी निघालीच नव्हती अशी पुस्तकं छापली. एखाद्या नामवंत कवीची कविता घ्यायची, तिची छोटीशी पुस्तिका छापायची आणि तिच्यावर खऱ्या पहिल्या आवृत्तीच्याही आधीचं साल टाकायचं. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची 'सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज' प्रसिद्ध झाली १८५०मध्ये. वाइजच्या पुस्तिकेवर होतं 'रेडिंग, १८४७'. म्हणजे कवयित्रीनं नवऱ्यासाठी लिहिलेल्या प्रेमकविता आधी गुपचूप, खासगीत छापल्या होत्या म्हणे. इतकी गोड गोष्ट कोण नाकारणार? शिवाय ग्रंथसूच्या वाइजच करायचा, त्यामुळे त्या पुस्तिकांची नोंदही तोच घ्यायचा. चोर आणि पंच एकच.

ही भानगड बाहेर काढली ती तिशीच्या आसपासच्या दोघा दोस्तांनी. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड, दोघेही जुन्या पुस्तकांच्या धंद्यातले. एकाला आलेला संशय दुसऱ्याच्या संशयाशी जुळला आणि दोघांनी मिळून तपास केला. रेडिंगच्या पुस्तिकेचा कागद तपासून घेतला, तर तो रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या लगद्याचा निघाला. तसा कागद १८४७मध्ये वापरातच नव्हता. मग टाइप पाहिला. इंग्रजी 'एफ'चा वरचा बाक जुन्या खिळ्यांमध्ये बाहेर डोकावायचा आणि छापताना तुटायचा. इथे तो आत घेतलेला होता, आणि ती सुधारणा १८८०नंतरची! १९३४मध्ये त्यांनी अख्खं पुस्तकच लिहिलं. वाइजवर थेट आरोप केला नाही, पण वाचणाऱ्याला काही शंका उरली नाही. तीन वर्षांनी वाइज गेला. कबुली त्यानं दिली नाही.

पण मला या तपासातला सगळ्यात साधा पुरावा जास्त आवडतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. या पुस्तिकांच्या एवढ्या प्रती बाजारात होत्या, पण जुन्या काळातल्या कुणाचं नाव एकीवरही नव्हतं. कवयित्रीनं मैत्रिणीला सही करून दिलेली प्रत नाही, वाचून मळलेली प्रत नाही, त्या काळच्या कुणाच्या पत्रात उल्लेख नाही. सगळ्या कशा कोऱ्या करकरीत. पन्नास वर्षांत जिला कुणाचाच हात लागला नाही, ती मुळात होती तरी का?

वाइजचे बळी कोण, तर त्याचे मित्रच. शिकागोचे जॉन हेन्री रेन हे त्यांतले मोठे. वर्षानुवर्षं ते पत्रं लिहून वाइजचा सल्ला घेत राहिले, त्याच्यावर विसंबून आपला संग्रह उभा करत राहिले. वाइजनं त्यांना बनावट पुस्तिका विकल्या. एवढंच नाही, १९५०च्या दशकात असंही उघड झालं, की ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या नाटकांची पानं फाडून त्यानं स्वतःच्या आणि रेन यांच्या अपुऱ्या प्रती पुऱ्या केल्या होत्या. रेन १९११मध्ये वारले, यातलं काहीही न कळता. त्यांचा संग्रह आज टेक्सास विद्यापीठात आहे. ते न कळता गेले ते बरं झालं की वाईट, यावर आमच्यात दोनदा भांडण झालंय. मला विचाराल तर वाईट. निदान वाइजला जाब विचारायला तरी ते हवे होते.

तर, माझ्या खोडरबरावर मित्र का ओरडला, ते आता कळलं असेल. माझं पुस्तक काही दुर्मीळ वगैरे नाही. मिसेस ऑलिफंट यांची एक कादंबरी, मॅकमिलनच्या 'कलोनियल लायब्ररी'तली. ही माला १८८६मध्ये खास हिंदुस्थान आणि ब्रिटिश वसाहतींसाठी सुरू झाली. तसं आत छापलेलंही असतं, की ही आवृत्ती फक्त तिकडेच विकायची. आपल्याकडच्या फुटपाथवर व्हिक्टोरियन काळातलं काही मिळालंच, तर ते या मालेतलं असायची शक्यता चांगली. लंडनच्या बड्या संग्राहकांना तिचं फारसं अप्रूप नसेलही. पण ती आपल्याकडच्या वाचकासाठी बोटीतून आली होती. आणि त्या वाचकाचं नाव मी घासून टाकलं होतं.

गेल्या रविवारी इंजिनीअरिंगवाल्यानं एक युक्ती केली. खोलीतला दिवा घालवला, मोबाइलचा टॉर्च पानाला अगदी टेकवून आडवा धरला. शिसं गेलं तरी पेन्सिलीचा दाब कागदात राहतो. आम्ही पाचही जण डोकी लावून बघत होतो. आधी खाली एक आकडा उमटला, ९३. मग वर, वळणदार मोडीसारख्या हातानं लिहिलेलं देवनागरी 'गो'. पुढचं दिसेना.

"गोविंद," कॉमर्सवाली म्हणाली.

"गोपाळ असेल."

टॉर्च थोडा सरकला. 'गो'च्या पुढे एक बाक दिसल्यासारखा वाटला, 'द'चा असावा किंवा नसावा.

"ए, गोदावरी असली तर?"

मग कुणीच बोललं नाही. मोबाइलची बॅटरी चार टक्के उरली होती आणि चार्जर आणायला कुणी उठेना.