'स्टार ऑफ इंडिया' : वसाहतकालीन नाइट-मंडळ आणि मानवस्त्रांची परंपरा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मराठी चरित्रग्रंथ व पत्रव्यवहार चाळताना 'सर', 'सी.आय.ई.', 'जी.सी.एस.आय.' ही उपपदे वारंवार भेटतात. त्यांचा निर्देश आपण 'किताब' किंवा 'पदवी' असा सरसकट करतो आणि त्यात एक महत्त्वाचा भेद पुसला जातो. मूळ इंग्रजी 'ऑर्डर' हा शब्द मंडळाचा किंवा संघाचा वाचक आहे. पदवी मिळते, मंडळात मात्र प्रवेश होतो आणि प्रवेशाबरोबर त्या मंडळाचे नियमही अंगी लागतात. १८६१ साली स्थापन झालेल्या 'स्टार ऑफ इंडिया' या मंडळाच्या संदर्भात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

युरोपीय पूर्वपीठिका

नाइट-मंडळांचा उगम धर्मसंस्थेत आहे. जेरुसलेम येथील यात्रेकरूंच्या रुग्णालयातून उदयास आलेल्या हॉस्पिटलर संघास १११३ साली पोपची मान्यता मिळाली. टेम्प्लर संघास ११२९ च्या त्र्वा येथील धर्मपरिषदेत नियमावली प्राप्त झाली. या संघांचे नाइट हे शस्त्रधारी व्रतस्थ होते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही त्यांची व्रते होत. चौदाव्या शतकात राजांनी हाच साचा उचलला, परंतु व्रताच्या जागी राजनिष्ठा बसविली. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड याने १३४८ च्या सुमारास 'गार्टर' मंडळ स्थापन केले. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १४३० साली ब्रूज येथे 'गोल्डन फ्लीस' मंडळाची स्थापना केली. या दुसऱ्या मंडळाच्या सभेत प्रत्येक सभासदाच्या आचरणाची झडती घेतली जाई आणि त्यातून खुद्द ड्यूकही सुटत नसे. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा सुवर्णहार वारसांनी मंडळास परत करावा, असा दंडक होता. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा दंडक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पुढे एखाद्या प्रदेशातील प्रतिष्ठितांना सिंहासनाशी बांधून घेण्यासाठी स्वतंत्र मंडळ काढण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रूढ झाली. आयर्लंडसाठी १७८३ मध्ये 'सेंट पॅट्रिक' आणि माल्टा व आयोनियन बेटांसाठी १८१८ मध्ये 'सेंट मायकेल व सेंट जॉर्ज' ही मंडळे निघाली. भारताचे मंडळ याच मालिकेतील होय.

१८६१ ची स्थापना

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार संपुष्टात आला व १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. उठावाच्या काळात जे संस्थानिक इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले त्यांना साम्राज्याच्या रचनेत दृश्य स्थान देणे राज्यकर्त्यांना निकडीचे वाटू लागले. त्यातून जून १८६१ मध्ये हे मंडळ अस्तित्वात आले. सभासदसंख्या आरंभी २५ होती व तीत भारतीय संस्थानिक आणि ब्रिटिश अधिकारी या दोहोंचा समावेश होता. व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग हे पहिले ग्रँड मास्टर झाले. पहिल्या सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, इंदूरचे तुकोजीराव होळकर, हैदराबादचे निजाम आणि भोपाळच्या सिकंदर बेगम यांचा समावेश होता. विशेष म्हणजे, स्त्रियांना नाइट-मंडळात सहसा स्थान नसलेल्या त्या काळी एका भारतीय स्त्रीस हे स्थान मिळाले.

चिन्हांच्या रचनेत बराच विचार झालेला दिसतो. युरोपीय मंडळांचे चिन्ह प्रायः क्रूस असते. हिंदू व मुस्लीम सभासदांना तो रुचणार नाही म्हणून येथे तारा स्वीकारण्यात आला. ब्रीदवाक्यही कोणत्याही एका धर्माचे नाही : स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक असो, अशा अर्थाचे ते आहे. गळ्यातील हारात इंग्लंडच्या गुलाबांबरोबर कमळे गुंफली होती. तथापि, पदकात गोमेदावर कोरलेली राणीची मुखाकृती होती. मानवी प्रतिमा अंगावर धारण करणे मुस्लीम सभासदांच्या धर्मभावनेस मानवणारे नव्हते. क्रूस टाळण्याची दक्षता घेणाऱ्यांच्या हे ध्यानी येऊ नये, याचे नवल वाटते.

वस्त्रे आणि पदक

खरा पेच मात्र वेगळाच होता. भारतीय दरबारी परंपरेत मान दिला जाई तो खिलतीच्या रूपाने. मराठी राज्यात 'वस्त्रे देणे' या शब्दप्रयोगातच अधिकारदान सामावलेले होते. १७४० साली नानासाहेबांना शाहू महाराजांकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली. १७९२ साली महादजी शिंदे यांनी बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलक पदाची वस्त्रे पुण्यात सवाई माधवरावांना समारंभपूर्वक अर्पण केली. वस्त्र स्वीकारणारा नजर करीत असे, आणि मिळालेले वस्त्र घराण्याच्या जामदारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या जपले जाई. मान एकदा घराण्यात आला की तो घराण्याचा होई.

नव्या मंडळाने हा व्यवहारच उलटा केला. त्याच शिंदे घराण्याच्या गादीवरील पुरुषाला आता इंग्लंडमधील सरंजामी थाटाचा झगा, हार व पदक मिळाले; परंतु ते त्याच्या हयातीपुरते होते. मृत्यूनंतर ही मौल्यवान चिन्हे वारस परत करतील, असे बंधपत्र लिहून द्यावे लागे. बर्गंडीच्या सरदारांना जो नियम स्वाभाविक वाटला असेल, तो भारतीय संस्थानिकांना दिलेले दान परत मागण्यासारखा वाटला. राजद्रोहाच्या कृत्याबद्दल सभासदत्व काढून घेण्याच्या कलमासही त्यांचा आक्षेप होता. बर्नार्ड कोह्न यांनी १९८३ साली प्रकाशित झालेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या सन्मानाच्या कराराधिष्ठित स्वरूपाकडे लक्ष वेधले आहे. अर्थात खिलतही निरपेक्ष नव्हती. ती घेणारा देणाऱ्याचे वर्चस्व मान्य करीतच असे. पण ते वर्चस्व आप्तसंबंधाच्या भाषेत बोलत होते, बंधपत्राच्या भाषेत नव्हे.

श्रेणींचा विस्तार

१८६६ मध्ये मंडळाच्या तीन श्रेणी करण्यात आल्या. १८७८ च्या आरंभी 'इंडियन एम्पायर' हे दुसरे मंडळ निघाले व सन्मान मध्यमवर्गीय सुशिक्षितांपर्यंत पोहोचला. या मंडळांतील सर्वांत खालच्या, म्हणजे 'कंपॅनियन' श्रेणीच्या सभासदास 'सर' हे उपपद लावता येत नसे. न्यायमूर्ती रानडे १८८७ मध्ये सी.आय.ई. झाले तरी 'सर' झाले नाहीत; रामकृष्ण गोपाळ भांडारकर मात्र १९११ मध्ये के.सी.आय.ई. होऊन 'सर' झाले, ते यामुळेच. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०४ मध्ये सी.आय.ई. स्वीकारली आणि १९१४ मध्ये के.सी.आय.ई. नाकारली. सार्वजनिक जीवनात हे उपपद वागविणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे.

येथे आणखी एक गल्लत दूर करावयास हवी. रवींद्रनाथ टागोर यांना १९१५ साली मिळालेला व जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ साली त्यांनी परत करू पाहिलेला सन्मान 'नाइट बॅचलर' हा होता. तो कोणत्याही मंडळाचा नव्हे. याउलट मद्रासचे एस. सुब्रह्मण्य अय्यर यांनी के.सी.आय.ई.चा त्याग केला, तो मंडळातील सभासदत्वाचा त्याग होता. दोन्ही कृतींचा नैतिक आशय एकाच जातीचा असला, तरी आपल्या पाठ्यपुस्तकांतील 'सर ही पदवी परत केली' या एकाच वाक्यात त्या बसविणे योग्य नाही.

१९४८ नंतर दोन्ही मंडळांत नवीन नेमणुका झाल्या नाहीत. राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने राज्याकडून पदव्या देण्याची प्रथाच बंद केली. मंडळे मात्र औपचारिकरीत्या विसर्जित करण्यात आली नाहीत. सभासद आपापल्या आयुष्यमर्यादेपर्यंत सभासद राहिले. 'स्टार ऑफ इंडिया'चे अखेरचे हयात सभासद, अलवारचे महाराजा तेजसिंह, २००९ साली निधन पावले.