1818 चा ‘एक आणा’

जुनी नाणी जमवण्याचा छंद चांगलाच. पण चंद्रपूर-गडचिरोलीतील बंधू-भगिनींना आम्ही सावध करू इच्छितो. कंपनी सरकारचे नाव आणि रामदरबाराचे चित्र असलेला, 1818 सालचा तांब्याचा ‘एक आणा’ हे चलनातले नाणे नव्हे, ते नुसते टोकन आहे. एक आण्याचे नाणे सरकारने प्रथम 1907 साली काढले, आणि तेही तांब्याचे नव्हते! तरी ‘हे तांदूळ ओढते’ म्हणून लाखांच्या गोष्टी सांगून घरातली पुंजी काढून घेतात. तांब्याला लोहचुंबकही ओढत नाही. आत चुंबक दडवून तांदळाला लोहकीस लावला, की झाली करामत. धानपट्ट्यातल्या माणसाला तांदळानेच फसवावे! छंदाला 1835 चा पाव आणा घ्यावा. वजन सुमारे साडेसहा ग्रॅम, किंमतही परवडणारी. फक्त चिंचेने घासू नये.