खेड्यातील घर आणि कर्जाची वाट

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. माणसाच्या धीराची आणि गाठीच्या पैशाची खरी परीक्षा या दोन कार्यांत होते, हा जुन्या लोकांचा अनुभव तीत साठविलेला आहे. लग्नाचा खर्च निदान चार दिवसांत उरकतो. घराचा खर्च मात्र पायाच्या पहिल्या कुदळीपासून छपराच्या शेवटच्या कौलापर्यंत कुटुंबाचा पिच्छा पुरवितो. आणि घर जर खेड्यात, स्वतःच्या देखरेखीखाली, स्वतःच्या हातांनी बांधावयाचे असेल, तर पैसा उभा करण्याचे काम विटा रचण्याच्या कामाहून अवघड ठरते.

कोणत्याही प्रांतातून प्रवास करताना जोत्यापर्यंत येऊन थांबलेली, किंवा भिंती उभ्या राहूनही छपराविना पावसाळे सोसणारी घरे आपल्या दृष्टीस पडतात. त्यांतील पुष्कळशा घरांच्या मागे एकच कथा असते: हाती होते ते संपले आणि पुढचे मिळाले नाही. हे असे का घडते आणि त्यावर कोणते उपाय उपलब्ध आहेत, याचा विचार घर बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने कुदळ मारण्यापूर्वीच करावयास हवा.

घर गावाचे, नियम शहराचे

शहरातील गृहस्थ बहुधा तयार सदनिका विकत घेतो. तिची किंमत ठरलेली असते, विक्रीचा करार असतो, आणि कर्ज देणारी संस्था ती सदनिका गहाण ठेवून घेऊन निश्चिंत होते. खेड्यातील घराची जन्मकथा निराळी असते. दगड स्वतःच्या शेतातला, लाकूड जुन्या घराच्या वाशांचे, गवंडी ओळखीचा, आणि हाताखाली राबणारी माणसे घरचीच. या श्रमांना आणि या सामग्रीला मोल आहे. पण त्यांची पावती नसते. बँकेचा हिशेब मात्र पावतीवर आणि अंदाजपत्रकावर चालतो. त्यामुळे कुटुंबाने घरात घातलेला निम्मा वाटा कागदावर दिसतच नाही.

शिवाय लहान कर्ज देण्यास बँका फारशा उत्सुक नसतात, यालाही कारण आहे. तीन लाखांचे कर्ज असो वा तीस लाखांचे, मालकी हक्काची तपासणी, मूल्यांकन आणि पाहणी यांचे श्रम जवळजवळ सारखेच पडतात. व्याजाचे उत्पन्न मात्र लहान कर्जावर थोडेच मिळते.

कागदाची पहिली अडचण

सर्वांत मोठा अडसर मालकीच्या पुराव्याचा होय. शेतजमिनीची मोजणी आणि नोंद इंग्रजी अमदानीपासून काटेकोरपणे होत आली, कारण तिच्यावर सारा बसत असे. गावाच्या वस्तीची जागा मात्र अनेक प्रांतांत या मोजणीतून वगळली गेली. महाराष्ट्रात तिला गावठाण म्हणतात. हरियाणात आणि पंजाबात नकाशावरील तांबड्या रेषेवरून तिला ‘लाल डोरा’ असे नाव पडले. परिणाम असा झाला, की ज्या घरात एकाच कुळाच्या चारपाच पिढ्या नांदल्या त्या घराची हक्कनोंद पुष्कळ ठिकाणी कोठेच नव्हती. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती हाती असे. पण ही कागदपत्रे कर आकारणीची. केवळ त्यांच्या आधारावर मालकी सिद्ध होत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने वैमानिकाविना उडणाऱ्या ड्रोन यंत्रांतून गावांच्या वस्तीचे चित्रण करावयाचे, जागेवर हद्दी पडताळावयाच्या, हरकती ऐकावयाच्या आणि मग प्रत्येक घरमालकास मिळकतीची पत्रिका द्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे. उत्तर प्रदेशात या पत्रिकेला ‘घरौनी’, मध्य प्रदेशात ‘अधिकार अभिलेख’ तर महाराष्ट्रात ‘सनद’ म्हणतात. १८ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी पन्नास हजारांहून अधिक गावांत ६५ लाखांवर पत्रिका वाटण्यात आल्या. ही पत्रिका कर्जासाठी तारण म्हणून वापरता यावी, हा योजनेचा एक प्रमुख हेतू आहे. तरीही पत्रिकेवरील नाव आजोबांचे असेल आणि हिस्सेदार पाच असतील, तर नुसत्या पत्रिकेने काम भागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

शेतातले घर आणि आदिवासींची जमीन

गावठाणात जागा अपुरी पडली म्हणून अनेक कुटुंबे शेतात घर बांधतात. तेथे दुसरीच अडचण उभी राहते. ‘सरफेसी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या कायद्याने थकलेल्या कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी जाऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु जे तारण वसूल करता येत नाही त्यावर कर्ज देण्यास सावकारी संस्था कचरतात आणि आधी बिनशेती परवानगी आणा, असे सांगतात. ज्या कायद्याने शेतकऱ्याचे रक्षण केले त्यानेच त्याची कर्जाची वाट अरुंद केली, असा हा विचित्र योग आहे.

आदिवासी भागांत हा पेच अधिकच कठीण होतो. छोटा नागपूरचा १९०८ चा आणि संथाळ परगण्याचा १९४९ चा कुळकायदा यांनी आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध घातले. महाराष्ट्राच्या जमीन महसूल कायद्यातही तशी तरतूद आहे. या कायद्यांनी लक्षावधी कुटुंबांच्या जमिनी वाचविल्या. त्या निर्बंधांना धक्का न लावता घरासाठी पैसा कसा पुरवावा, याचे उत्तर तारणाच्या कर्जात सापडणे अवघड आहे. तेथे सरकारी अनुदान आणि बचत गटांची पत यांवरच भिस्त ठेवावी लागते. विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ मोहिमेत घरामागे दोन लाख रुपयांचे साहाय्य ठरविले गेले, ते याच जाणिवेतून.

कर्जाकडून अनुदानाकडे

ग्रामीण घरांसाठी पैसा पुरविण्याचा प्रयत्न आजचा नाही. सामूहिक विकासाच्या चळवळीचे अंग म्हणून १९५७ साली ग्रामीण गृहनिर्माण कार्यक्रम सुरू झाला. त्यात व्यक्तींना आणि सहकारी संस्थांना घरामागे पाच हजार रुपयांपर्यंत कर्ज देण्याची सोय होती. पण पाचवी पंचवार्षिक योजना संपेपर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळात, साऱ्या देशात अवघी ६७ हजार घरे उभी राहिली. गरिबाला नुसते कर्ज देऊ करून घर उभे राहत नाही, हा त्यातून मिळालेला धडा होता.

१९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली आणि अनुदानाचा मार्ग रुळला. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये, असे साहाय्य तीत ठरले. घर निदान २५ चौरस मीटरचे असावे आणि ते लाभार्थी कुटुंबाने स्वतः बांधावे, ठेकेदाराकरवी नव्हे, असा नियम आहे. पैसा बांधकामाच्या टप्प्यांनुसार थेट बँकेच्या खात्यात जमा होतो. आणखी दोन कोटी घरांसह ही योजना २०२८-२९ पर्यंत चालविण्याचा निर्णय ऑगस्ट २०२४ मध्ये झाला.

एवढ्या रकमेत पूर्ण घर होत नाही, हे कोणीही बांधकाम करणारा सांगेल. म्हणून इच्छुकांना ७० हजार रुपयांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून देण्याची तरतूद योजनेच्या नियमांत करण्यात आली. पण त्यासाठीही पुन्हा बँकेच्याच दारात उभे राहावे लागते. आणि ज्यांची नावे लाभार्थींच्या यादीत नाहीत, पण ज्यांचे उत्पन्न शहरी नोकरदारासारखे निश्चितही नाही, असा मोठा वर्ग या दोहोंच्या मध्ये अडकून राहतो.

हप्त्याने मिळालेला पैसा: कच्छचा अनुभव

मालकाने स्वतः बांधलेल्या घराला पैसा कसा पुरवावा, याचा एक मोठा प्रयोग गुजरातेत झाला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तेथे बहुसंख्य कुटुंबांनी आपली घरे आपल्याच जागेवर आपणच बांधली. सरकारी मदत बँकेच्या खात्यात तीन हप्त्यांत आली: ४० टक्के आरंभी, ४० टक्के मधल्या टप्प्यावर आणि उरलेली २० टक्के घर पूर्ण झाल्यावर. प्रत्येक टप्प्यावर अभियंता बांधकाम पाहून जाई. भूकंपात टिकेल असे बांधकाम कसे करावे, याचे शिक्षण गवंड्यांना देण्यात आले. पैसा घराच्या गतीने आला आणि त्याबरोबर जाणकाराची नजरही आली, म्हणून सामान्य माणसाच्या हातून भक्कम घर उभे राहिले. बँकांनीही लक्षात घ्यावे असे यातले मर्म हे, की आरंभीचा हप्ता पुरेसा मोठा असावा. पहिला टप्पा स्वतःच्या पैशाने पुरा करा, मगच आम्ही पैसे देऊ, असे म्हटले की गरीब गृहस्थ पहिल्याच पायरीवर अडतो आणि नेमका तेथेच त्याला खासगी सावकार भेटतो.

या सावकाराचा दर शेकडा तीन दरमहा असेल, तर तो वर्षाला ३६ टक्के होतो. तीन लाखांवर दरमहा नऊ हजार रुपये केवळ व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच तीन लाख रुपये द.सा.द.शे. ९ दराने पंधरा वर्षांसाठी बँकेतून घेतले, तर सुमारे ३,०४३ रुपयांच्या मासिक हप्त्यात व्याजासह मुद्दलही फिटते. कागदपत्रांसाठी घातलेल्या खेपांचे मोल या दोन आकड्यांत दिसून येते.

कुटुंबाने काय करावे?

पहिले काम कागदांचे. जागेच्या नोंदीवर वारसांची नावे लावून घ्यावीत, हिस्सेदारांची लेखी संमती मिळवावी, घरपट्टी थकवू नये. सातबारा असो, कर्नाटकातील पहाणी असो वा मध्य प्रदेशातील खसरा, उतारा ताजा असावा. मिळकतीत आणि कर्जातही पत्नीचे नाव जोडल्यास कुटुंबाला स्थैर्य येते.

दुसरे, उत्पन्नाचा पुरावा जमवावा. शेतकऱ्याजवळ पगारपत्रक नसते. पण दूधसंस्थेचे हिशेब, साखर कारखान्याची ऊसबिले, धान्यविक्रीच्या पावत्या आणि बचत गटाचे पासबुक असते. हे सारे व्यवहार दोनतीन वर्षे बँकेच्या खात्यातूनच करावेत. पीक वर्षातून एकदोनदाच हाती येते. तेव्हा मासिक हप्त्याऐवजी हंगामानुसार हप्ता मिळेल काय, हे अर्ज करतानाच विचारावे.

तिसरे, बांधकाम आरंभण्यापूर्वी पंचायतीची परवानगी, नकाशा आणि अभियंत्याचे अंदाजपत्रक तयार ठेवावे, आणि वाळू-दगडाच्या गाडीचीसुद्धा पावती घ्यावी. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. प्रत्यक्षात पुष्कळदा याहून कमी मिळते. आपला वाटा आधीच बाजूस काढून ठेवावा. दिवाळीनंतर पाया घातला, तर पावसाळ्यापूर्वी छप्पर चढते.

चौथे, कर्ज कमी लागेल असे घर बांधावे. केरळात आयुष्य वेचलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता उभ्या रचून भिंतीत पोकळी राखण्याची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि घरही थंड राहते. आज दोन खोल्या आणि उद्या तिसरी, अशा बेताने पाया घातला, तर ऐपतीप्रमाणे घर वाढविता येते.

पाचवे, नकार आला तर खचून जाऊ नये. अर्ज नाकारण्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळविली पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ते कारण हाती आले की नेमके काय दुरुस्त करावे हे समजते, आणि दुसऱ्या बँकेकडे जाताना तयारी अधिक चांगली होते.

घर ही केवळ चार भिंतींची गोष्ट नव्हे. पावसात न गळणारे छप्पर मुलांच्या अभ्यासाला, बाळंतिणीच्या आरोग्याला आणि वृद्धांच्या झोपेला आधार देते. खेड्यातील माणूस त्यासाठी कष्ट करावयास तयार आहे, आणि बहुतेक वेळा अर्धे घर तो स्वतःच्या श्रमांतूनच उभारतो. उरलेल्या अर्ध्यासाठी पैसा त्याला वेळेवर आणि माफक व्याजाने मिळावा, ही जबाबदारी बँका, पंचायती आणि शासन यांची आहे. आपले कागद नीट ठेवणे आणि ऐपतीचा अंदाज घेऊनच जोते आखणे, ही कुटुंबाची. या दोन्ही बाजूंनी आपापला वाटा उचलला, तर जोत्यावर थांबलेल्या घरांची संख्या घटेल आणि त्या छपरांखाली दिवे लागतील.